वर्षालीचे बावीस लिफाफे

मी ज्या मुलीविषयी लिहीत आहे तिचे नाव वर्षाली चंद्रभान ठोंबरे. ती आमच्या आंजी (मोठी) गावची आहे. मी आनंदाबाई, वय अडुसष्ट वर्षे, तिच्या घरापासून चार घरे सोडून राहते. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मी अंगठा उठवीत होते. मला अक्षरे वर्षालीनेच शिकवली. तिचे नुकसान माझ्या हातून झाले असल्यामुळे तिच्याविषयी मी लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. शेवटी, जे झाले ते जसे झाले तसे कोठेतरी लिहिलेले असावे, असे माझे मत झाले.

वर्षाली अंगाने किरकोळ आहे, परंतु चालते फार भराभर. सकाळच्या एसटीने ती वर्ध्याला महाविद्यालयात जात असे. बी.ए.ला तिचा इतिहास हा विषय होता. एक वाजता परत येऊन, जेवून, दोन वाजता ती शाळेच्या कोपऱ्यातील खोलीत हजर होत असे. तेथे सरकारचा साक्षरता वर्ग भरत असे आणि ती त्यात विनामोबदला शिकवीत असे. आम्ही बावीस बाया होतो. सर्वांत लहान एकावन्न वर्षांची होती. सर्वांत मोठ्या मंदाबाई. त्यांचे वय त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते. वर्गात वर्षालीला मॅडम म्हणावे, असा ठराव शकुंतलाबाईंनी मांडला आणि तो सर्वांनी पाळला. वर्ग सुटल्यावर मात्र त्याच शकुंतलाबाई दारातून हाक मारीत, "ए चंद्रभानच्या पोरी, अंबाडीची भाजी काढून ठेवली हाये, घेऊन जाजो."

तिची शिकवण्याची रीत अशी होती. ती फळ्यावर एक वाक्य लिहीत असे आणि आम्ही ते वहीत उतरवून घेत असू. ज्या बाईचे वाक्य फळ्यापेक्षा वेगळे निघे, तिला ते तीनदा लिहावे लागे. "फळ्यावर हाये तसंच," असे ती म्हणे, "सगळ्यायचं एकसारखं आलं पाह्यजे." बावीस वह्यांमध्ये बावीस सारखी वाक्ये आली की ती टाळी वाजवीत असे. त्या टाळीसाठी आम्ही फार झटत होतो. मार्च महिन्यात परीक्षा झाली आणि तीत आम्ही सर्व उत्तीर्ण झालो. पुढेही वर्ग चालूच राहिला, कारण आम्हांला दुपारी तेथे जाण्याची सवय लागली होती.

वर्षाली शेवटच्या वर्षाला गेली तेव्हा तिला लघुशोधप्रबंध लिहावयाचा होता. म्हणजे एका प्राध्यापकांच्या देखरेखीखाली एखाद्या प्रश्नाचा स्वतः शोध घ्यायचा आणि साठ-सत्तर पानांचे पुस्तक तयार करायचे. तिचे मार्गदर्शक प्रा. अभिराम मुळावकर हे होते. विषय तिला आमच्या वर्गातच सापडला. एके दिवशी मंदाबाई बोलता बोलता म्हणाल्या की, लग्न होऊन आल्यावर सात महिने त्यांनी गावची नदी पाहिली नव्हती, नुसता तिचा आवाज ऐकला होता. वर्षालीने खडू खाली ठेवला.

"मंग, आजी?"

"मंग काय. आठव्या महिन्यात पाह्यली. एवढी काई मोठी नाई."

आम्ही सर्व हसलो. वर्षाली हसली नाही. तिने नंतर मला सांगितले, "आजी, राजायचं पहिलं वर्ष पुस्तकात लिहून हाये. कोण कधी गादीवर बसला, सगळं. तुमचं पहिलं वर्ष कुठीच नाई." त्याच आठवड्यात तिने विषय नोंदविला : सासरचे पहिले वर्ष, आंजी परिसरातील ज्येष्ठ स्त्रियांच्या आठवणी.

तिचे वडील चंद्रभान हे कठोर मनुष्य नाहीत, मोजके बोलणारे आहेत. त्यांनी मुलीला माझ्यासमोर सांगितले, "हे पुस्तक पास झालं तं तुले नागपूरले एम.ए.ले धाडतो. नाई झालं तं मंग मले काई म्हणू नको." वर्षालीने मान डोलावली. त्या दिवसापासून तिच्या पुढच्या शिक्षणाचा सर्व भार त्या एका पुस्तकावर होता, आणि हे आम्हां बावीस बायांनाही माहीत होते.

प्राध्यापकांचा एक नियम होता. त्याआधीच्या वर्षी काही विद्यार्थ्यांनी घरी बसून लोकांच्या नावाने स्वतःच प्रश्नावल्या भरल्या होत्या. म्हणून सरांनी सांगितले होते की, माणसे लिहीत असताना विद्यार्थ्याने तेथे थांबू नये, आणि भरलेली प्रश्नावली बंद लिफाफ्यात घालून, न उघडता, थेट त्यांच्या हातात द्यावी. हा नियम योग्यच होता.

डिसेंबर महिन्यात एका मंगळवारी वर्षालीने आम्हांला प्रश्नावल्या वाटल्या. बारा प्रश्न होते आणि प्रत्येकाखाली चार मोकळ्या ओळी होत्या. ती म्हणाली, "मनातलं लिहा. यात चूक-बरोबर काई नाई." मग ती मला म्हणाली, "आजी, तुम्ही लक्ष ठेवजा. मी इथं राह्यली तं सगळ्या माह्या तोंडाकडे पाह्यतात." आणि ती बाहेर जाऊन चिंचेखाली बसली.

लिहिण्यात चूक किंवा बरोबर काही नसते, असे आम्हांला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशी सांगितले, तरी आम्हांला ते कळले नाही.

पहिला प्रश्न लग्नाच्या वेळच्या वयाचा होता.

"माह्यं तं तेरा होतं," मागून एक बाई म्हणाली.

"तेरा नको लिहू वं," शकुंतलाबाई म्हणाल्या. "छापील कागद हाये. अठराच्या खाली लिहिलं तं बापावर केस होईन."

"बाप जाऊन चाळीस वर्सं झाले."

"मंग भावावर होईन."

सर्वांनी अठरा लिहिले. मंदाबाईंनीही अठरा लिहिले. पुढील दोन प्रश्न माहेरच्या गावाचे आणि घरातील माणसांचे होते, ते जिचे तिने लिहिले. चौथा प्रश्न असा होता : सासरी पहिल्या वर्षी तुम्हांला सर्वांत अवघड काय वाटले?

तेथे खोलीतील बोलणे थांबले. चार ओळी कोऱ्या होत्या. आमच्या वर्गातील प्रत्येक बाईचे सासर याच गावात आहे. कोणाची नणंद त्याच बाकावर बसलेली होती, कोणाची जाऊ पुढच्या. मंदाबाईंनी पेनचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले. दहा मिनिटे गेली असतील. कोणीही एक अक्षर लिहिले नाही.

शकुंतलाबाई म्हणाल्या, "आनंदाबाई, तुमचं अक्षर चांगलं हाये. फळ्यावर लिहून द्या. आमी उतरवतो."

"मॅडम म्हणाल्या, मनातलं लिहा."

"तुमच्या मनातलंच लिहा ना. आमाले चालन."

मी उठले. मी खडू घेतला आणि लिहिले : मला काहीच अवघड वाटले नाही. सासूबाई मला आईसारख्या होत्या. घरातील सर्व माणसे चांगली होती. यानंतरच्या आठ प्रश्नांची उत्तरेही मी अशीच लिहिली. बायांनी ती काळजीपूर्वक उतरवून घेतली. मंदाबाईंची एक मात्रा राहिली होती, ती मी त्यांना दाखवून दिली. शेवटी छापलेले होते, "वरील माहिती खरी असून ती मी स्वखुशीने दिली आहे." हे वाक्य आम्ही मोठ्याने वाचले, खाली सह्या केल्या, लिफाफे डिंकाने चिकटविले आणि मी फळा पुसला. आपण त्या मुलीला मदत केली, अशी माझी पूर्ण खात्री होती. बावीस कागद एकसारखे आले आहेत हे कळल्यावर ती टाळी वाजवील, असे मला वाटले.

त्यानंतर तीन दिवस वर्ग भरला नाही. चौथ्या दिवशी वर्षाली आली आणि दारातच उभी राहिली.

"फळ्यावर कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हणाले.

तिने आम्हांला सर्व सांगितले. सरांनी पहिला लिफाफा उघडला आणि मोठ्याने वाचून चांगले म्हटले. पाचव्या लिफाफ्यापासून ते मनात वाचू लागले. नवव्यानंतर त्यांनी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. त्यांनी तिला विचारले की, हे लिहिले जात असताना तू कोठे होतीस. ती म्हणाली, बाहेर. बाहेर कोठे, तर चिंचेखाली. तिला तेथे कोणी पाहिले होते का, तर नाही. वाक्ये तिनेच सांगून लिहून घेतली असावीत, असा त्यांना संशय आला.

"सर रागावले नाईत," वर्षाली म्हणाली. "रागावले असते तं बरं झालं असतं."

शकुंतलाबाईंना ते समजत नव्हते. त्या म्हणाल्या, "पण बाई, सगळ्यायचं एकसारखं आलं, एक चूक नाई. तं मंग नापास काऊन?"

वर्षालीने त्यांच्याकडे पाहिले. त्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी तिला स्वतःच्या दोन वर्षांच्या शिकवणीला दोष द्यावा लागला असता. 

सरांनी तिला पंधरा दिवसांची मुदत दिली होती. कमीत कमी दहा बायांना त्यांच्या घरी भेटून, त्यांच्या आवाजात मोबाईलवर मुलाखती घ्यावयाच्या. बायांनी वेगवेगळे सांगितले तर प्रबंध वाचेल, असे सर म्हणाले होते.

वर्षाली घरोघर गेली. काही घरी मी तिच्याबरोबर होते, कारण बायांना समजावून सांगण्याचे काम माझे आहे असे मी मानले. कोणीही नाही म्हटले नाही. प्रत्येकीने चहा केला, पदर सारखा केला आणि मोबाईलसमोर बसून फळ्यावरचे वाक्य सांगितले.

मंदाबाई म्हणाल्या, "सासू आईसारखी होती."

"आजी, तुम्ही नदीचं सांगतलं होतं. सात महिने पाह्यली नव्हती म्हणून."

"थे तं बोलणं होतं, बाई. हे सही करून देल्लं हाये. आता अलग सांगतलं तं मी खोटी ठरतो."

"तुम्हाले कोणी खोटी नाई म्हणत, आजी."

"कागद म्हणते ना."

वाचकांनी मंदाबाईंना हट्टी समजू नये. साठ वर्षे त्या अंगठा देत आल्या होत्या. अंगठ्याखाली काय लिहिले आहे याची जबाबदारी अंगठा देणाऱ्यावर नसते. ती लिहिणाऱ्याची असते. सही मात्र त्यांनी स्वतः वाचून केली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा शब्द कागदावर गेला होता, आणि तो मागे घ्यावा असे आम्ही त्यांना सांगत होतो. दुसऱ्या घरी सुना ऐकत होत्या, तिसऱ्या घरी दीर ओसरीवर बसले होते. अशा रीतीने नऊ घरे झाली आणि नऊही मुलाखती सारख्या झाल्या.

दहावी मुलाखत माझी होती. वर्षालीचा सर्व भरवसा आता माझ्यावर होता. तिने मोबाईल एका डब्याला टेकवून उभा केला. आत माझी सून मेघा स्वयंपाक करीत होती आणि तिला सर्व ऐकू जात होते.

येथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मेघा या घरात आली त्याला एकवीस वर्षे झाली. ती काही उलट बोलली की मी तिला म्हणत आले, "माह्यी सासू मले आईसारखी होती, कारण मी तशी राह्यली." हे मी तिला किती वेळा म्हटले याची गणती नाही. ते मी फळ्यावर लिहिले तेव्हा माझ्या हाताला विचार करावा लागला नाही, तो याच कारणाने. आता मी खरे सांगितले असते तर एकवीस वर्षे मी सुनेला ज्या गोष्टीने गप्प बसवत आले, ती गोष्ट खोटी होती हे तिला कळले असते.

वर्षालीने विचारले, "आजी, पहिल्या वर्षी सगळ्यात अवघड काय वाटलं?"

मी म्हणाले, "मला काहीच अवघड वाटले नाही. सासूबाई मला आईसारख्या होत्या."

तिने मोबाईल बंद केला नाही. कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी. तिने माझ्याकडे पाहिले आणि मी जमिनीकडे पाहिले. नंतर तिने मोबाईल उचलला, "ठीक हाये, आजी," असे म्हणाली आणि चहा पूर्ण प्यायली.

ती गेल्यावर मला अन्न गोड लागले नाही. पुढील पाच दिवस दुपारी, मेघा वावरात गेलेली असताना, मी वहीत माझे पहिले वर्ष लिहिले. ती अकरा पाने झाली. मी पंधरा वर्षांची असताना तळेगाव (श्यामजी पंत) येथून येथे आले. माझ्या सासूबाई ज्वारीचे पीठ डब्यात भरून, वरून सपाट करून, त्यावर आपला पंजा उमटवून ठेवीत असत, म्हणजे कोणी पीठ काढले तर ओळखू यावे. मला भूक फार लागे. एकदा मी दोन मुठी पीठ काढले, पाण्यात कालवून खाल्ले, पीठ पुन्हा सपाट केले आणि माझा पंजा उमटविला. माझा पंजा लहान होता. त्यानंतर पुढे काय झाले तेही मी लिहिले. ते सर्व मी येथे पुन्हा लिहीत नाही.

मी ती पाने घेऊन एकटी एसटीने वर्ध्याला गेले. महाविद्यालयात विचारत विचारत मुळावकर सरांच्या खोलीपर्यंत पोहोचले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पाणी मागविले. त्यांनी अकराही पाने वाचली. वाचताना एकदा त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"आजी, हे फार मोलाचे आहे," ते म्हणाले. "परंतु मुदत परवा संपली. वर्षालीने दहा मुलाखती सादर केल्या आहेत. त्यात तुमचीही आहे, आणि त्यात तुम्ही याच्या अगदी उलट सांगितले आहे."

"ते खोटे होते. हे खरे आहे."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण प्रबंध तपासणाऱ्या समितीने मला विचारले, की ही बाई दोनदा एक आणि तिसऱ्यांदा दुसरे सांगते, तर यातले कोणते तिला शिकवलेले आहे, तर मी काय सांगू?"

मी म्हणाले, "फळ्यावर मी लिहिले. मुलीचा दोष नाही. मी तसे लिहून देते."

त्यांनी कागद दिला. मी तेथेच बसून लिहून दिले आणि सही केली. सर म्हणाले, "हे मी समितीपुढे ठेवीन. पण आजी, यामुळे वर्षाली खोटी नव्हती, इतकेच फार तर सिद्ध होईल. प्रबंधात जे हवे होते ते तरीही त्यात नाहीच."

सरांनी दिलेला शब्द पाळला, हे मी नमूद करते. समितीने वर्षालीवर ठपका ठेवला नाही. तिची सामग्री विश्वसनीय नाही म्हणून प्रबंध अपात्र ठरविला आणि पुढील वर्षी नवा प्रबंध सादर करता येईल, असे कळविले. इतर सर्व विषयांत ती उत्तीर्ण होती. पदवी मात्र अडून राहिली. चंद्रभान मुलीला एक शब्दही रागाने बोलले नाहीत. त्यांनी फक्त नागपूरचा विषय पुन्हा काढला नाही, आणि तिनेही काढला नाही, कारण त्या वेळी तिने मान डोलावलेली होती. चौकात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे एक दुकान आहे, तेथे ती सकाळी दहा ते सायंकाळी सहा बसू लागली. दुपारी दोनचा वर्ग त्यामुळे बंद झाला. शाळेची ती खोली आता शाळेच्या सामानासाठी वापरतात.

पोळ्यानंतर मंदाबाई वारल्या.

नवा प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आली असे मला सरांकडे फोन करून कळले, म्हणून मी माझी अकरा पाने पिशवीत घालून वर्षालीच्या दुकानात गेले. तेथे पाच-सहा माणसे होती. ती मला बाकावर बसा म्हणाली. माझी पाळी आल्यावर मी म्हणाले, "तीस तारीख शेवटची आहे."

"माहीत हाये, आजी. दोन पोरीयले त्याची सूचना मीच काढून देल्ली."

"मग तुझे काय?"

"कोणाले इचारू?" ती संगणकाकडे पाहत म्हणाली. "मंदा आजी गेली. बाकीच्यायकडे मी जाऊन आली, दिवाळीत. मोबाईल घरी ठेवून गेलती. म्हटलं, सहज इचारून पाहू." तिने छापून आलेला एक कागद बाजूला ठेवला. "त्या आता खरंच तसंच सांगतात, आजी. लपवून नाई राह्यल्या. त्यायले तसंच आठवते. शकुंतला आजीले तं सासूची याद आली की रडू येते."

मी तिला अकरा पाने दिली. तिने उभ्याने दोन पाने वाचली. तिसरे पान तिने उलटले, तेवढ्यात माझ्या मागचा मनुष्य म्हणाला की त्याला उत्पन्नाचा दाखला काढायचा आहे आणि तहसीलची वेळ संपत आली आहे. वर्षालीने पाने सारखी केली आणि परत माझ्या हातात दिली.

"एक हाये, आजी," ती म्हणाली. "एकावर प्रबंध होत नाई."

मी बाजूला झाले. त्या मनुष्याने आधार कार्ड पुढे केले आणि वर्षालीने त्याला पूर्ण नाव सांगायला सांगितले.